दुधाचं चाक

फडकं अडकलं नाही, एवढंच झालं. मागचं चाक मांडीवर आडवं घेऊन मी रॉकेलच्या फडक्यानं तारा पुसत होते, आणि माझ्या चाकावर फडकं अडकतंच. दोन तारा जिथं एकमेकींना ओलांडतात तिथं मी तांब्याची बारीक तार गुंडाळून वर कथलाचा डाग देते, त्या गाठीला फडक्याचा धागा धरतो, तो सोडवायचा आणि पुढं जायचं. एका चाकाला अशा वीस गाठी. तीस वर्षं हात हे करतोय, त्याला माझी गरज लागत नाही. मी रस्त्यावरची माणसं बघत असते, कोण कुणाच्या मागं बसून चाललीय ते बघत असते, आणि हात पुसत असतो. त्या दिवशी, जानेवारीतला गुरुवार, माळीवाड्याकडं जाणारे टेम्पो दुकानापुढून धुरळा उडवत चालले होते, आणि फडकं तेल लावलेल्या केसांतून फणी जावी तसं गोल फिरून परत माझ्या मुठीत आलं. मी पुन्हा फिरवलं. पुन्हा आलं. मग मान खाली घालून बघितलं.

सायकल माझ्या मुलाची, नोहाची. तो नोव्हेंबरात विमानानं आला, सायकल मागाहून बोटीनं, आदल्या दिवशी खोक्यातून दारात. रविवारी उपासनेनंतर मंडळीत त्याचा सत्कार, सायकल हार घालून वेदीशेजारी उभी करायची, म्हणून मी ती उघडून बसले होते. रिम माझी नव्हती, हे आधीच दिसायला हवं होतं. अरुंद, पांढरी, परक्या अक्षरांची चिकटपट्टी असलेली. चिखलानं झाकलं होतं म्हणावं, तर चिखल कुणापासून काय झाकतो. तारा मोजल्या. छत्तीस. मी चाळीस घालते. मधला हब मात्र माझाच, त्याच्या कडेला कानशीनं ओढलेला बारका क्रूस होता, माझी खूण. त्या हबात चार भोकं रिकामी. पडलेल्या दाताच्या जागी जीभ जावी तसं माझं नख त्या चार भोकांत जात राहिलं. कुणीतरी माझं चाक उघडलं होतं. कुणीतरी ते पुन्हा बांधलं होतं, आणि वाईट बांधलं नव्हतं. भोकं कमी पडली तर कुठली सोडायची याचा विचार करून, दोन या बाजूला, दोन त्या बाजूला, समोरासमोर. त्या माणसाला धंदा कळत होता. याचा मला राग आला, आधी याचाच आला, मुलाचा विचार त्याच्यानंतर.

या चाकाला आमच्याकडं दुधाचं चाक म्हणतात. माझे मालक, दानीएल, सोनईहून नगरला आले ते पंक्चर काढायला, आणि हिवरे बाजारकडून, त्याच्याही पलीकडून दूध घेऊन येणारी माणसं त्यांच्याकडं तुटक्या तारा घेऊन यायची. मागं दोन कॅन, मध्ये माणूस, रस्ता म्हणजे नुसते दगड. आठवड्याला चाक बसायचं. मालकांनी तारा एकमेकींना बांधून टाकायची युक्ती काढली, एकीवर भार आला की शेजारणीनं अर्धा उचलायचा. ते चाक वर्ष-वर्ष हलेना. पुढं त्यांच्या छातीत धाप भरली, बसून राहिले, आणि मी त्यांच्यासमोर पाट टाकून चाक हातात घेतलं. मी मिशनच्या शाळेत तिसरीपर्यंत गेलेली, छापलेलं बायबल वाचता येतं, हातानं लिहिलेलं येत नाही. पण तार छेडली की ती किती ताणलीय हे मला कानाला कळतं, आणि दोन वर्षांत लोक मालकांच्या हातची नको, बाईच्या हातची द्या म्हणायला लागले. मालक ते ऐकून हसायचे. मेले तोवर हसत होते की नाही, ते मी बघितलं नाही. स्टेशन रोडचे कारागीर यायचे, वाकून बघायचे. बघा म्हणायची. गाठ दिसते, पण उघडायची तर तोडावी लागते, आणि तोडली की पुन्हा बांधायला माझ्याकडंच यावं लागतं. माझं चाक माझ्याकडंच परत येतं, याचा मला केवढा अभिमान होता. हातातलं कसब कुणाला दिलं नाही. नोहा चौदा वर्षांचा असताना शेजारी येऊन बसला होता, आई, मला दाखव म्हणून. मी त्याला उठवला. हात काळे करायला मी आहे, तू पुस्तक काळं कर, असं काहीतरी म्हणाले. चांगलं वाक्य होतं, चारचौघांत नंतर पुष्कळदा सांगितलं.

तो पुस्तकं शिकला, एमआयडीसीत नोकरीला लागला, आणि अठ्ठावीसाव्या वर्षी एके दिवशी म्हणाला, सायकलवर जर्मनीपर्यंत जातो. नाव ठेवलं नोहा, पाण्यातनं जायचं सोडून निघाला सायकलवर. मी रडले नाही. रडणाऱ्या आया मला आवडत नाहीत, त्या रडून पोराच्या खिशात दगड भरून पाठवतात. मी चार दिवस दुकान अर्धं बंद ठेवून त्याला मागचं चाक बांधून दिलं, दुधाचं, वीस गाठींचं, दोन कॅनच्या जागी त्याचा तंबू आणि कपडे. आणि वर सहा जादा तारा, फडक्यात गुंडाळून, रस्त्यात एखादी तुटली तर. हे आता त्या चाकाकडं बघताना मला आठवलं. माझ्या चाकात तार बदलायची तर गाठ तोडावी लागते. गाठ तोडली की शेजारची तार सैल पडते. ते जमणारं माणूस एकच, ते नगरात पाटावर बसलेलं. हिवऱ्याचा दूधवाला संध्याकाळी माझ्या दारात असतो, त्याला काय फरक पडतो. पण पोरगं आठ देश ओलांडायला निघालं होतं, आणि मी त्याला सहा तारा दिल्या होत्या.

नऊ महिन्यांनी आला तेव्हा अंगानं अर्धा आणि स्वभावानं दुसराच. दुबईपर्यंत विमानानं, तिथून लाँचनं इराण, मग तुर्कस्तान, बल्गेरिया आणि पुढं. त्याची एक वही आहे, गावोगावच्या पोलिसांचे, शाळांचे, चर्चांचे शिक्के मारलेली, खाली प्रत्येकानं आपल्या भाषेत दोन ओळी लिहिलेल्या, त्यातली एकही आम्हाला कुणाला वाचता येत नाही. लोक विचारायचे तेव्हा तो हसण्यासारखं तेवढं सांगायचा. धनगरांची कुत्री वासराएवढी, त्यांच्यापुढं पळायचं नाही, उतरून उभं राहायचं. बोगद्यात मागून ट्रक आला की आधी वारा ढकलतो. एका देशाच्या शिक्क्यासाठी अकरा दिवस एका कचेरीच्या पायरीवर बसून काढले. बर्फात पाण्याची बाटली पोटाशी धरून झोपायचं. आणि त्यातच, इराणात एका मेकॅनिकनं जेवायला नेलं आणि जाताना स्वतःचा स्वेटर काढून दिला. तुर्कस्तानात एक म्हातारी सकाळी सायकलच्या पिशवीत उकडलेली अंडी ठेवून गेली, कोण होती कळलंच नाही. मला वाटायचं, इतकं हिंडून हा आणला काय? ताटात पडेल ते खातो, मीठ कमी म्हणत नाही, स्वतःचं ताट धुतो. दारात कुणीही आलं की आधी पाणी देतो, मग नाव विचारतो. पूर्वी हा दारावरच्या भाजीवालीच्या हाकेला ओ द्यायचा नाही. हे काही कमी नाही, पण ते मी त्याला बोलून दाखवलं नाही. मी दुसरंच बोलत होते. आठ देश फिरलं, पण मरियाच्या चाकाची तार तुटली नाही, असं दूधवाल्यापासून पाळकसाहेबांपर्यंत सगळ्यांना सांगत होते, आणि तो शेजारी उभा राहून गप्प बसत होता. तो गप्प बसणं परदेशात शिकून आला, असं मी धरून चालले. उजव्या मनगटाचंही तसंच. कप डाव्या हातानं उचलतो, किल्ली डाव्या हातानं फिरवतो; विचारलं तर म्हणाला, थंडीनं धरलंय.

आणि भिंतीवर खुंटीला अजून एक चाक टांगलेलं होतं. तेही दुधाचं, तेही माझं, गाठी चकाकत असलेलं. ते भामाबाईच्या महेंद्रचं. भामाबाई सिव्हिलमध्ये आया आहे, आमची ओळख तिथली, मालकांच्या शेवटच्या दिवसांतली. ती मला घाबरत नाही अशी या भागातली एकटी बाई. तिचा महेंद्र वायरमन. नोहाचं बघून त्यानंही तोच रस्ता धरायचं ठरवलं, कागदपत्रं झाली, पण आई हलेना. बाप नसलेलं पोर, एकुलतं. शेवटी ती दुकानात येऊन मला म्हणाली होती, “तुमचं चाक असंल तर जाऊ देते. न्हाईतर पाय बांधून घरात बसवीन.” मी म्हटलं होतं, मग समज पोचला. पुढच्या आठवड्यात त्याला मुंबईची गाडी होती.

नोहा दुपारी जेवायला आला तेव्हा चाक माझ्या मांडीवरच होतं.

“हे कुठं झालं?”

तो चप्पल काढत होता. चाकाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, दुसरी चप्पल काढायची राहिली.

“बल्गेरियात.”

“किती दिवस होतास तिथं?”

“एकोणीस.”

“पत्रात लिहिलं होतंस, डोंगर छान हायेत.”

“छानच होते, आई.”

मग त्यानं सांगितलं, एका पायात चप्पल ठेवून, उंबऱ्यावर बसून. पहिली तार तुर्कस्तानात तुटली. जादा तार होती, घालायला गेला तर गाठ. पक्कड लावली, सुटेना. दोन गावांतल्या कारागिरांनी चाक बघितलं आणि हात जोडले. तसाच चालवत राहिला. दुसरी तुटली, तिसरी तुटली, तुटलेल्या तारा गाठीला लटकून खुळखुळायच्या. रिम ब्रेकला घासायला लागली तेव्हा मागचा ब्रेक काढून टाकला. आणि मग तो छान डोंगर, उतार, पुढचा एकच ब्रेक, आणि वळणावर चाक पापडासारखं दुमडलं. तो उजव्या हातावर पडला. मागच्या लॉरीवाल्यानं गाडी कशी थांबवली ते त्यालाही माहीत नाही; थांबली तेव्हा तिचं टायर त्याच्या डोक्यापासून किती लांब होतं हे त्यानं मला हात पसरून दाखवलं. माझ्या पाटापासून कोपऱ्यातल्या पंपापर्यंत. मी तो पंप अजून तिथून हलवला नाही, पण त्याच्याकडं बघायचं टाळते. लॉरीवाल्यानंच हात बांधून घेऊन एका म्हाताऱ्याच्या गोठ्यात नेलं, तिथं तो म्हातारा सायकली दुरुस्त करायचा. म्हाताऱ्याच्या बायकोनं एकोणीस दिवस घेवडा आणि दही खाऊ घातलं.

“म्हातारा काय म्हणाला चाक बघून?”

“बोलणं कुठं कळत होतं. एक धड तार छेडली, कान लावला. मग बायकोला हाक मारून तिलाही ऐकवली. मग कटर आणलं.”

मी विचारलं, मला का नाही सांगितलं. तो म्हणाला, “तू चाक चांगलंच बांधलं होतंस आई. आपल्याकडचं.” शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. मी भिंतीकडं बोट केलं, आणि हे? तेव्हा तो खाली बघून म्हणाला की महेंद्रला सगळं ठाऊक आहे. हे चाक तो दुकानातून घेऊन जाणार, मुंबईत मावसबहिणीच्या घरी ठेवणार आणि तिथं बाजारातलं तयार चाक घालून पुढं निघणार. दोघांनी मिळून ठरवलंय. आईला कशाला दुखवायचं.

जेवायला वाढलं. तो जेवला, मीही जेवले. दुपारभर गिऱ्हाइकं आली, मी पंक्चरं काढली, घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे बघितले, आणि एकीकडं मला दिसत होतं, मुंबईतल्या कुठल्यातरी चाळीत पलंगाखाली माझं चाक ठेवलेलं, त्याच्यावर धूळ, कुणीतरी विचारतंय हे काय, आणि उत्तर, ती नगरची म्हातारी आहे ना, तिची समजूत. मी पोराला मरणाच्या दारात ढकललं हे एक. पण त्यांनी मला सांभाळून घेतलं. म्हाताऱ्या माणसाला दात नसले की भाकरी दुधात कुस्करून देतात तसं. पन्नास वर्षं मी कुणाची कुस्करलेली भाकरी खाल्ली नाही. गप्प राहिले असते तर काही बिघडत नव्हतं. नाव राहिलं असतं, महेंद्र गेला असता, भामाबाई निश्चिंत झोपली असती, बाजारातलं चाकही कदाचित टिकलं असतं. बाजारच्या चाकाच्या तारा यंत्रानं भरलेल्या असतात, शंभर मैलांत सैल पडतात, आणि वायरमन पोराला त्या आवळता येत नाहीत. एवढं मला ठाऊक होतं आणि त्या दोघांना नव्हतं. संध्याकाळी मी खुंटीवरचं चाक काढलं आणि कटरनं गाठी तोडायला बसले. वीस गाठी. आयुष्यात स्वतःची धड गाठ कधी तोडली नव्हती. चांगली बांधलेली असली की हाताला फार दुखतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भामाबाईच्या घरी गेले. ती ड्युटीवर निघायच्या घाईत होती. मी बसले नाही, उभ्यानंच सगळं सांगितलं, मनगटापासून पलंगाखालच्या चाकापर्यंत. ती केस बांधता बांधता थांबली.

“म्हंजी तुमी सगळ्यांनी मला येड्यात काढलं.”

“व्हय. मला बी काढलं.”

“मग पोरगं जात न्हाई. संपलं.”

“जाऊ दे त्याला. चाक तोच बांधंल.”

“त्याला काय येतं?”

“काहीच न्हाई. म्हणून तर.”

ती माझ्याकडं बघत राहिली. “तुमी शिकवनार? तुमी पोटच्या पोराला शिकवलं न्हाई, बाई.”  तिनं पर्स उचलली, कुलूप लावलं, पाच पावलं गेली, आणि वळून म्हणाली, शनिवारपासनं त्याला पाठवते, पण येऊन स्वतः बघीन, मग ठरवीन.

रविवारी सत्कार झाला. मी पाळकसाहेबांना आधी सांगितलं होतं, चाकाचं काही बोलू नका. त्यांनी मान हलवली आणि बोलायला उभे राहिल्यावर तेच बोलले, मरियाबाईंनी बांधलेलं चाक आठ देश फिरलं, प्रभूच्या कृपेनं एक तार तुटली नाही. मी बायकांच्या बाजूला पहिल्या बाकावर होते. बसल्या जागेवरून म्हणाले, मोडलं होतं. माईक नव्हता तरी मागपर्यंत गेलं. पाळकसाहेब हसले, म्हणाले, बघा, किती ही नम्रता, आणि मंडळीनं टाळ्या वाजवल्या. माझ्या खांद्यावर शाल घातली. मला नम्र म्हणायची चूक नगरात आजवर कुणी केली नव्हती. नोहा माझ्याकडं बघत होता, तो मात्र हसला नाही. सोमवारी पहाटेच्या एसटीनं तो पुण्याला गेला आणि संध्याकाळी छत्तीस भोकांचा हब, तशीच रिम आणि तारांचं बंडल घेऊन आला. तिकडं सगळीकडं हेच मिळतं, म्हणाला. मी हातात घेऊन बघितलं. हलकं होतं, कारटं दिसायला बरं होतं.

महेंद्र शनिवार-रविवार गाठी तोडलेल्या जुन्या चाकाच्या चाळीस तारांवर बसला, सोमवार संध्याकाळपासून नव्यावर. मी चाकाला हात लावायचा नाही असं ठरवलं होतं, आणि तोंडाला काही ठरवून दिलं नव्हतं. तीन तारांवरून, चौथीखालून. अरे वरून. ती तार आहे, विजेचा शॉक नाही बसत, धर नीट. तुझ्या आईला सांगते, वायरिंगही असंच करतोस म्हणून. तो हसायचा आणि चुकायचा. पहिलं चाक बांधायला त्याला पूर्ण दिवस लागला, आणि ते अंड्यासारखं फिरलं. मी म्हटलं, उघड. उघडून पुन्हा बांधलं, मी म्हटलं, उघड. तिसऱ्यांदा बऱ्यापैकी जमलं. मी पक्कड घेऊन त्यातल्या दोन तारा कटकन तोडल्या आणि त्याच्यापुढं टाकल्या, घाल आता, समज रस्त्यात आहेस, अंधार पडायला आलाय. त्याच्या बोटांना फोड आले होते. घातल्या त्यानं. नोहा कामावरून आला की येऊन बसायचा, आधी उंबऱ्यावर, मग आत. मंगळवारी मी त्याच्याकडं न बघता जुनी रिम आणि तारा त्याच्याकडं सरकवल्या. त्यानं त्या मांडीवर ओढल्या. उजव्या हातानं पान्हा फिरेना तेव्हा डाव्यानं धरला, आणि मी त्याला डाव्या हाताचं वेगळं कसं आवळायचं ते सांगायला लागले, मला तरी कुठं माहीत होतं, पण सांगता सांगता कळत गेलं.

बुधवारी भामाबाई ड्युटी संपवून आली, पांढऱ्या साडीतच. महेंद्रनं शेवटचं चाक उलट्या ठेवलेल्या सायकलच्या चिमट्यात अडकवलं होतं आणि रिमजवळ खडू धरून ते फिरवत होता. रिम जिथं बाहेर येते तिथं खडू लागतो, त्याला आमच्याकडं आऊट म्हणतात, आणि माझ्या दुकानातून आऊट असलेलं चाक तीस वर्षांत गेलेलं नाही. दोन ठिकाणी पांढरं उमटत होतं. थोडंच, नखाएवढं. त्यानं एकदा आवळून बघितलं, दुसऱ्यांदा बघितलं, मग घाम पुसून माझ्याकडं बघितलं. पाव फेरा द्यायचा होता, कुठल्या तारेला ते मला लांबून दिसत होतं.

भामाबाई म्हणाली, “हलतंय की.”

“हलतंय.”

“मग तुमी करा की नीट.”

“म्या केलं तर ते माझं व्हईल.”

ती चाकाकडं बघत उभी राहिली, ते हळू होत थांबेपर्यंत. मग पोराच्या बोटांकडं बघितलं, पिशवीतून दवाखान्यातली पट्टी काढली आणि त्याच्यापुढं ठेवली. जा म्हणाली नाही, जाऊ नको म्हणाली नाही, पट्टी चार दिवस पुरवून वापर म्हणाली, परदेशात महाग असंल. माझा उजवा हात पान्ह्याकडं निघाला होता. तो मी ओढून मांडीखाली घेतला, वर बसले, आणि महेंद्रला म्हटलं, टायर चढव.